वारसाने मिळालेली डिझेल पिकअप: पहिला खर्च कशावर करावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वडिलांची, सासऱ्यांची किंवा थोरल्या काकांची पिकअप हाती आल्यावर इंदूर आणि आसपासच्या मराठी कुटुंबांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. गाडी बोलेरो पिकअप असो, टाटाची २०७ असो किंवा इसुझू असो, बहुतेक उत्तरे सारखीच लागू पडतात. जेथे फरक आहे तेथे तो सांगितला आहे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा न सांगता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गाडी अजून वडिलांच्याच नावावर आहे. आधी दुरुस्ती आणि सुधारणा करून घेतल्या आणि नाव नंतर बदलले, तर चालेल का?

दुरुस्ती करायला हरकत नाही, पण गाडी रस्त्यावर आणण्याआधी कागदांची घडी बसवावी. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ५६ प्रमाणे, मालकाच्या मृत्यूनंतर ज्याच्या ताब्यात गाडी येते त्याने ३० दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला मृत्यूची आणि गाडी वापरण्याच्या आपल्या इराद्याची माहिती दिली, तर त्याला तीन महिने ती वापरता येते, आणि त्याच तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून मालकी आपल्या नावावर करण्याचा अर्ज द्यावा लागतो. इंदूरकरांसाठी हे काम नायता मुंडला येथील आरटीओचे. मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि इतर वारसांची लेखी संमती लागते. भावंडांमध्ये समजूत असली तरी ती कागदावर आणावी, कारण उद्या अपघाताचा दावा उभा राहिला तर तोंडी समजुतीला काही किंमत उरत नाही. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे किंवा वित्तसंस्थेचे ना-हरकत पत्र आधी मिळवावे. कर्ज फिटलेले असूनही आरसीवर बोजा तसाच राहिलेला पुष्कळदा आढळतो; तो फॉर्म ३५ ने उतरवावा लागतो.

विम्याचेही तसेच आहे. विमाधारकाच्या मृत्यूनंतर पॉलिसी लगेच रद्द होत नाही. मृत्यूपासून तीन महिने किंवा पॉलिसीची मुदत, यांपैकी जे आधी संपेल तोपर्यंत ती वारसाच्या उपयोगी पडते. त्या काळात ती आपल्या नावावर करून घ्यावी. पती, पत्नी, मुले किंवा आई-वडील वारस असतील तर साठलेला ‘नो क्लेम बोनस’ही त्यांना मिळू शकतो, एजंट तो स्वतःहून सांगेलच असे नाही, म्हणून विचारून घ्यावा.

२. सुधारणेची सुरुवात नेमकी कोठून करावी? मित्र म्हणतात अलॉय व्हील, मेकॅनिक म्हणतो इंजिन.

दोघांचेही थोडा वेळ बाजूला ठेवावे. दहा-बारा वर्षे चाललेल्या गाडीची पहिली सुधारणा म्हणजे ती कारखान्यातून निघाली तेव्हा जे करू शकत होती ते तिच्याकडून पुन्हा करवून घेणे. झिजलेले बुश, थकलेले शॉकअब्सॉर्बर, अर्धवट धरणारे ब्रेक आणि चोंदलेला रेडिएटर असलेल्या गाडीवर नवीन काहीही बसवले, तरी ते त्या दुखण्यावर घातलेले पांघरूण ठरते. क्रम साधारण असा ठेवावा: टायर आणि ब्रेक, मग स्टिअरिंगचे जोड व कमानीचे (पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगचे) बुश, मग कूलिंग आणि डिझेलची गाळणी, मग बॅटरी व दिवे. हे झाल्यावर महिना-दोन महिने गाडी आपल्या रोजच्या मालासह, रोजच्या रस्त्यावर चालवावी. त्यानंतर ज्या उणिवा जाणवतील त्याच खऱ्या सुधारणांची यादी होय. चोइथराम मंडीतून पहाटे भाजी उचलणाऱ्याची गाडी, पीथमपूरला लोखंडी सुटे भाग पोहोचवणाऱ्याची गाडी आणि सावेरकडच्या शेतात बटाट्याची पोती भरणाऱ्याची गाडी, या तिघींच्या गरजा वेगळ्या असतात, मॉडेल एकच असले तरी.

३. गाडी वर्षभर अंगणात उभी होती. बॅटरी बदलून सरळ स्टार्टर मारावा का?

मारू नये. उभ्या गाडीच्या टाकीत हवेतील ओलावा साठून तळाशी पाणी बसते, आणि डिझेल व पाण्याच्या सीमेवर जंतूंचा चिकट काळपट थर धरतो. हे सगळे पहिल्याच स्टार्टला पंप आणि इंजेक्टरकडे खेचले जाते, आणि कॉमन रेल (एकाच नळीतून मोठ्या दाबाने डिझेल फवारणाऱ्या) इंजिनाचे इंजेक्टर ही गाडीतील सर्वांत महागड्या वस्तूंपैकी एक आहे. म्हणून टाकीच्या तळाचा बोल्ट काढून जुने डिझेल उतरवावे, डिझेल फिल्टर नवीन बसवावा, ताजे डिझेल भरावे आणि हातपंपाने लाइनमधली हवा काढावी. इंजिन ऑइल व फिल्टर बदलावेत. ज्या इंजिनांत टायमिंग बेल्ट असतो त्यांत तो शेवटचा कधी बदलला याचा लेखी पुरावा नसेल, तर बदललाच नाही असे धरावे. उंदरांनी कुरतडलेली वायरिंग, हॅंडब्रेक ओढून ठेवल्यामुळे ड्रमला चिकटलेले लायनर आणि तडकलेले रबरी होजपाइप हेही उभ्या गाडीचे नेहमीचे आजार आहेत.

४. इंजिन चांगले आहे की नाही हे वर्कशॉपला नेण्याआधी घरी कसे ओळखावे?

पूर्ण खात्री कम्प्रेशन तपासल्यावरच होते, पण बराच अंदाज घरीही येतो. रात्रभर थंड राहिलेल्या गाडीचे रेडिएटर झाकण उघडून पाण्यावर तेलाचा तवंग आहे का पाहावे. ऑइलची दांडी काढून ते ताकासारखे पांढुरके झाले आहे का पाहावे. मग इंजिन सुरू करून ऑइल भरण्याचे झाकण सैल करावे. तेथून किंचित वाफ येणे स्वाभाविक आहे. झाकण उडू लागेल इतका फुत्कार येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत.

धूरही बरेच सांगतो. जोर देताना निघणारा काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त: चोंदलेला एअर फिल्टर, टर्बोचा फाटलेला होज किंवा खराब इंजेक्टर. निळसर धूर म्हणजे ऑइल जळत आहे. थंडीत सकाळी थोडा पांढरा धूर येऊन थांबत असेल तर बहुधा ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू होताना आतली हवा तापवणारा) गेलेला असतो. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. इंजिनावर मोठा खर्च निघाला, तर बाकीच्या सर्व सुधारणा थांबवाव्यात आणि गाडी ठेवायची की नाही याचा आधी निर्णय घ्यावा.

५. टायरची नक्षी अजून चांगली दिसते. तरीही बदलावेत का?

नक्षीबरोबर वयही पाहावे. टायरच्या कडेवर ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. ‘३२१६’ असेल तर तो टायर २०१६ सालच्या ३२ व्या आठवड्यात बनला आहे. मालव्याच्या उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर कमी चालूनही कडेला तडकतात, आणि तडे गेलेला टायर भरल्या गाडीखाली, तापलेल्या डांबरावर फुटतो. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली तर कायद्यानेही टायर बाद ठरतो. पावसाळ्यासाठी त्याच्या बऱ्याच आधी बदलणे शहाणपणाचे.

घेताना एका गोष्टीवर नजर ठेवावी. त्याच मापाचा कारचा टायर स्वस्त मिळतो आणि रिंगेवर बसतोही, पण मालवाहू गाडीला जास्त प्लाय (आतले थर) असलेला, ‘एलटी’ म्हणजे हलक्या ट्रकच्या प्रकारचाच टायर लागतो. कडेवरील भार निर्देशांक तपासावा: १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो, १०६ म्हणजे ९५० किलो. मागच्या दोन टायरांवर पडणारा खरा भार किती, हे प्रश्न ८ मध्ये सांगितल्याप्रमाणे काढता येते. हवेचा दाबही भरलेल्या आणि रिकाम्या गाडीसाठी वेगळा असतो. रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांत भरल्या गाडीची हवा ठेवली तर ओल्या रस्त्यावर तिचा मागचा भाग उडतो आणि घसरतो.

६. घाट उतरताना ब्रेकचे पेडल दगडासारखे घट्ट होते. पॅड आणि लायनर नवीन आहेत. मग दोष कोठे?

इंदूरहून माल भरून निघालेली गाडी दक्षिणेकडे जाताना मालव्याच्या पठारावरून निमाडात उतरते: खंडव्याच्या रस्त्याने सिमरोळनंतर भेरूघाट, आणि मुंबईच्या रस्त्याने मानपूरच्या पुढचा उतार, जेथील गणपती घाट ब्रेक निकामी होऊन झालेल्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध ठरला. येथे चढण रिकाम्या परतीत आणि उतार भरल्या गाडीने असा प्रकार असल्यामुळे, इंदूरच्या पिकअपला इंजिनाच्या ताकदीपेक्षा ब्रेकची काळजी अधिक करावी लागते.

पेडल घट्ट होण्याचे कारण बहुधा व्हॅक्यूममध्ये असते. पेट्रोल इंजिन हवा ओढताना जो व्हॅक्यूम तयार करते तो ब्रेक बूस्टरला (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाला) फुकट मिळतो. डिझेल इंजिनाला तसा थ्रॉटल (हवा अडवणारी झडप) नसल्यामुळे त्याला वेगळा व्हॅक्यूम पंप द्यावा लागतो, आणि पुष्कळ महिंद्रा व टाटा गाड्यांत हा पंप अल्टरनेटरच्या पाठीमागेच बसवलेला असतो. पंप झिजला, त्याची पाइप तडकली किंवा बूस्टरचा पडदा फाटला की पाय कितीही दाबला तरी जोर चाकापर्यंत पुरेसा पोहोचत नाही. घरची चाचणी अशी: इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, म्हणजे साठलेला व्हॅक्यूम संपतो; मग पाय पेडलवर दाबून ठेवून इंजिन सुरू करावे. पेडल पायाखाली किंचित खाली गेले पाहिजे. जागचे हलले नाही, तर पंप, पाइप किंवा बूस्टर यांतच दोष आहे. अल्टरनेटरच्या मागून ऑइल झिरपत असेल तर पंपाचे सील गेले आहे, आणि ते ऑइल पुढे अल्टरनेटरही खाते.

ज्यांचे पेडल घट्ट नव्हे तर उताराच्या शेवटी मऊ होते, त्यांनी ब्रेक ऑइलकडे पाहावे. ते हवेतला ओलावा शोषते. नवीन डॉट ३ दर्जाचे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शोषल्यावर हीच मर्यादा १४० पर्यंत उतरते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल रिकामे जाते. गाडीच्या पुस्तिकेत परवानगी असेल तर डॉट ४ भरावे आणि दर दोन वर्षांनी पूर्ण बदलावे. पहिल्या खर्चात इतकी स्वस्त आणि इतकी मोलाची सुधारणा दुसरी नाही.

राहिली सवय. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करून घाट उतरण्याची जुनी रीत कॉमन रेल इंजिनाला अजिबात लागू नाही, कारण गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडला की ते उतारावर डिझेल देणेच थांबवते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागते आणि गाडीचा सारा भार ब्रेकवर येतो. इंजिन बंद करून उतरणे तर आत्मघातकीच, कारण मग व्हॅक्यूम पंपही थांबतो.

७. माल भरला की गाडी मागे बसते. कमानीत दोन पाटे वाढवून घेऊ का?

आधी पाहावे की ती का बसते. मूळ पाट्यांपैकी एखादा तुटलेला असतो, पाट्यांचा बाक उतरलेला असतो किंवा शॅकलचे (कमान चासीला जोडणाऱ्या कडीचे) बुश संपलेले असतात. अशा वेळी लोहामंडीत पाटे वाढवून आणण्यापेक्षा आहे तीच कमान बाक देऊन किंवा नवीन बसवून मूळ स्थितीला आणावी. यू-बोल्ट नेहमी नवीन वापरावेत आणि गाडी चाकांवर उभी असतानाच, जॅकवर टांगलेली असताना नव्हे, शेवटचे आवळावेत. दोन-तीनशे किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा आवळून घ्यावेत.

सर्व ठीक असूनही बसत असेल, तर बहुधा माल जास्त भरला जात आहे, आणि पाटे वाढवल्याने गाडीची मंजूर क्षमता एक किलोनेही वाढत नाही. अ‍ॅक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक आणि चासी पूर्वीचीच राहतात.

यात एक गुंतागुंत आहे जी कमानवाले क्वचितच सांगतात. पुष्कळ पिकअपच्या चासीवर मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार कमी-जास्त करणारा एक व्हॉल्व्ह असतो. एक दांडी किंवा स्प्रिंग त्याला मागच्या अ‍ॅक्सलशी जोडते. माल भरला की चासी खाली बसते, दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. गाडी रिकामी असताना दाब कमी होतो, म्हणजे मागची चाके जाम होऊन घसरत नाहीत. आता पाटे वाढवून मागचा भाग उंच आणि कडक केला, तर एक टन माल भरूनही चासी बसत नाही, आणि व्हॉल्व्ह समजतो की गाडी रिकामीच आहे. मागचे ब्रेक मग हलकेच धरतात, पुढचे पॅड आणि डिस्क सगळे काम करून तापतात, आणि घाटात तेच आधी हार मानतात. म्हणून कमानीत काहीही बदल केला तर व्हॉल्व्हच्या दांडीची जुळणी कंपनीच्या मापाप्रमाणे करून घ्यावी. ही जुळणी काय असते हेच ज्या वर्कशॉपला माहीत नाही, तेथे कमानीचे काम देऊ नये. काही मेकॅनिक ‘काय कटकट’ म्हणून दांडी तारेने बांधून टाकतात किंवा काढूनच ठेवतात. वारसाने मिळालेल्या गाडीखाली वाकून हे एकदा स्वतः पाहावे.

८. आमची गाडी ‘दीड टनाची’ म्हणतात. खरोखर किती माल भरता येतो?

आरसीवर एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन असे दोन आकडे असतात. त्यांतील फरक म्हणजे क्षमता, आणि त्यातच चालक, सोबतचे माणूस, ताडपत्री, दोर आणि नंतर बसवलेली प्रत्येक वस्तू मोजली जाते. जुन्या गाडीला मालकाने जाड चेकर्ड प्लेट, लोखंडी जाळी, कॅरियर असे बरेच काही लावलेले असते. म्हणून रिकामी गाडी एकदा धर्मकाट्यावर (गाड्यांच्या वजनकाट्यावर) न्यावी. आधी पूर्ण गाडी आणि मग फक्त मागची चाके काट्यावर ठेवून दोन पावत्या घ्याव्यात. नेहमीच्या मालासह हेच पुन्हा करावे. आरसीवरील आकड्यापेक्षा रिकामी गाडी शंभर-दीडशे किलो जड निघाली तर नवल वाटू देऊ नये. तेवढा माल आपण दर खेपेला कमी भरायचा आहे. ओव्हरलोडसाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे.

९. उन्हाळ्यात तापमानाचा काटा वर चढतो. मोठा रेडिएटर बसवावा का? आणि नळाला नर्मदेचे पाणी येते, ते भरले तर चालेल ना?

नर्मदेचे पाणी पिण्याला उत्तम, रेडिएटरला नाही. नळाच्या किंवा बोअरिंगच्या पाण्यातील क्षार तापून नळ्यांत थर धरतात, आणि बहुतेक जुन्या गाड्या त्यामुळेच तापतात. कंपनीने सांगितलेले कूलंट डिस्टिल्ड पाण्यात योग्य प्रमाणात मिसळून भरावे. त्याआधी रेडिएटर साफ करून घ्यावा, बाहेरच्या जाळीत अडकलेला भुसा, किडे आणि धूळ इंजिनाच्या बाजूने पाणी मारून काढावी, फॅनचा क्लच व थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) तपासावेत.

रेडिएटरचे झाकण ही सर्वांत दुर्लक्षित वस्तू आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर असल्याने उघड्या भांड्यातील पाणी येथे ९८ अंशांच्या आसपासच उकळते. झाकणाच्या स्प्रिंगने आतला दाब वाढतो म्हणूनच ते इंजिनात ११५ अंशांच्या पुढेही द्रवरूप राहते. स्प्रिंग सैल झाली की हा सारा फायदा जातो. इतके करूनही भरल्या गाडीचा काटा चढत असेल, तर मग मोठ्या रेडिएटरचा विचार करावा. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला मात्र मानू नये, कारण थंड चालणारे डिझेल इंजिन जास्त झिजते आणि जास्त धूर सोडते.

१०. डिझेलच्या लाइनवर आणखी एक वेगळा फिल्टर लावणे योग्य आहे का?

मूळ फिल्टर वेळेवर बदलत असाल आणि त्याच्या खालच्या नळातून पाणी काढत असाल, तर बहुतेकांना गरज नाही. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी तो नळ सैल करून काचेच्या बाटलीत थोडे डिझेल काढावे. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी आहे. खेड्यातून ड्रममध्ये साठवलेले डिझेल वापरणाऱ्यांना पाणी वेगळे करणारा जादा फिल्टर उपयोगी पडतो, पण तो पंपाच्या आधीच्या, खेचण्याच्या बाजूला चांगल्या जोडांनी बसवावा. सैल जोडातून हवा शिरली तर गाडी सकाळी सुरूच होणार नाही.

११. रात्री मंडीला जावे लागते आणि दिवे मंद आहेत. एलईडी बल्ब लावू की १०० वॅटचे?

दोन्हींच्या आधी काचा पाहाव्यात. पिवळ्या, धुरकट झालेल्या हेडलाइटला कोणताही बल्ब लावला तरी उजेड काचेतच अडकतो. त्यानंतर बल्बच्या जोडावर व्होल्टेज मोजावे. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट आणि बल्बवर ११ असतील, तर मधला उजेड जुन्या वायरी खातात. दोन १०० वॅटचे बल्ब मिळून सोळा-सतरा अ‍ॅम्पिअर ओढतात, आणि जुना स्विच साधारण त्याच्या अर्ध्यासाठीच बनलेला असतो, तो वितळतो. रिले (बॅटरीतून थेट वीज देणारा स्विच) लावलेली वेगळी वायरिंग आणि मूळ ६०/५५ वॅटचे चांगले बल्ब ही खरी सुधारणा. हॅलोजनच्या भांड्यात एलईडी बल्ब बसवला तर प्रकाशाचा केंद्रबिंदू जुळत नाही, समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जातो आणि आपल्याला रस्ता पूर्वीपेक्षा कमी दिसतो.

बॅटरीचीही हीच वेळ. रात्रभर उभ्या गाडीवर १२.६ व्होल्ट असावेत. स्टार्टर फिरताना ९.६ च्या खाली गेले तर बॅटरी थकली आहे.

१२. केबिनमध्ये एसी बसवता येईल का?

येतो, पण प्रश्न ९ आणि ११ मधील कामे आधी पूर्ण झालेली हवीत, कारण कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसून त्याची हवा गरम करतो आणि पंखे अल्टरनेटरवर भार टाकतात. त्याच मॉडेलच्या एसी प्रकाराचे कंपनीचे सुटे भाग मिळत असतील तर तेच घ्यावेत. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली ती साडेतीन टनांवरच्या गाड्यांना. आपल्या पिकअपला ती लागू नाही.

१३. रीमॅप करून ताकद वाढवावी का? आणि ईजीआर बंद केल्याने मायलेज वाढते म्हणतात ते खरे का?

पहिल्या वर्षी तरी नाही. रीमॅपने (इंजिनाच्या संगणकातील आज्ञा बदलल्याने) टॉर्क म्हणजे ओढ वाढली की पहिला फटका क्लचला, मग गिअरबॉक्स व अ‍ॅक्सलला बसतो, आणि दहा वर्षे माल ओढलेल्या गाडीत हे सगळे आधीच थकलेले असते. गाडी ओढत नाही अशी तक्रार असेल तर शंभरातल्या बहुतेक वेळा कारण एअर फिल्टर, टर्बोचा होज, डिझेल फिल्टर किंवा घट्ट धरून राहिलेले ब्रेक यांत सापडते. ईजीआर (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात पाठवणारा भाग) चोंदला असेल तर काढून साफ करावा; तो पत्र्याने बंद करणे म्हणजे प्रदूषण नियंत्रणाची व्यवस्था मोडणे होय. पीयूसीत डिझेलचा धूर बीएस-४ या प्रदूषण मानकाच्या आधीच्या गाड्यांसाठी ६५ आणि बीएस-४ साठी ५० हार्ट्रिज (धुराची दाटी मोजण्याच्या) एककांच्या आत असावा लागतो.

१४. बुल बार, छतावरचे कॅरियर, प्रेशर हॉर्न, काळ्या काचा?

नको. अनधिकृत बुल बारविरुद्ध कारवाई करण्यास केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले आहे. कलम १८२अ(४) प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि ‘हे वडिलांनीच लावले होते’ हे उत्तर चालत नाही, कारण मालक आता आपण आहात. म्हणून हाती आलेल्या गाडीवर आधीच असलेले असे सामान पहिल्याच आठवड्यात उतरवावे. वजनही कमी होते. रंग बदलायचा असेल तर आरसीवर नोंद करून घ्यावी.

१५. काळ्या मातीत गाडी रुतते. रुंद टायर लावले तर?

पावसात मालव्याची काळी माती टायरच्या नक्षीत थापली जाते, आणि रुंद टायर तिच्यावर आणखीच सहज घसरतो. मूळ मापातच, खोल आणि मोकळ्या खाचांचा टायर मागे लावावा. रिकामी गाडी रुतत असेल तर चार-पाच वाळूची पोती अ‍ॅक्सलच्या बरोबर वर ठेवल्याने जास्त फरक पडतो.

मोठ्या टायराचे गणितही पाहावे. १९५/८० आर १५ चा व्यास ६९३ मिलिमीटर, तर २३५/७५ आर १५ चा सुमारे ७३३. म्हणजे जवळजवळ सहा टक्के वाढ. काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी साडेत्रेसष्टच्या वेगाने धावत असेल, प्रत्येक गिअर तेवढाच जड होईल आणि चढावर क्लच जळेल. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर घासतो तो वेगळाच.

१६. आमची गाडी बीएस-६ आहे. वरील सल्ले तिलाही लागू आहेत का?

टायर, ब्रेक आणि कमानीबद्दलचे सर्व लागू आहेत. फरक धुराच्या बाजूला आहे. १ एप्रिल २०२० नंतरच्या गाड्यांत काजळी गाळणारा फिल्टर असतो. त्याला कमी राखेचे, पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचेच ऑइल लागते. ‘घरात पडले होते’ म्हणून जुन्या गाडीचे ऑइल ओतल्यास तो फिल्टर राखेने कायमचा भरतो. केवळ शहरात, थोड्या-थोड्या अंतराच्या फेऱ्या असतील तर फिल्टरमधील काजळी जळायला पुरेशी उष्णता मिळत नाही. डॅशबोर्डवर या फिल्टरचा दिवा लागला की बायपासवर किंवा देवासच्या रस्त्यावर स्थिर वेगाने गाडी चालवावी, इंजिन मध्येच बंद करू नये. ज्या मॉडेलमध्ये युरियाचे द्रावण लागते त्यात ३२.५ टक्के प्रमाणाचे, सीलबंद डब्यातलेच भरावे.

१७. गाडीला दहा वर्षे झाली. डिझेल म्हणून ती आता बंदच होणार ना? मग खर्च कशाला?

दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांबद्दलचे राष्ट्रीय हरित लवादाचे २०१५ चे आणि सर्वोच्च न्यायालयाचे २०१८ चे आदेश दिल्ली व राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापुरते होते. इंदूरला ते लागू नाहीत. येथे व्यावसायिक गाडीचे आयुष्य फिटनेसवर ठरते: पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. खाजगी नोंदणीच्या, पांढऱ्या पाटीच्या पिकअपला नोंदणीच्या पंधरा वर्षांनंतर पाच वर्षांचे नूतनीकरण करावे लागते. मालाची वाहतूक दिल्लीकडे करायची असेल तर मात्र तेथील ताजा नियम पाहूनच निघावे.

फिटनेसची तारीख जवळ असेल तर सुधारणांचा क्रम तिच्याभोवती लावावा. ब्रेक, दिवे, धूर, परावर्तक पट्ट्या आणि स्पीड गव्हर्नर ही तपासणीत येणारी कामे आधी, सीट कव्हर आणि गाणी नंतर.

१८. केलेल्या सुधारणा विमा कंपनीला कळवाव्या लागतात का?

मूळ भागाच्या जागी तसाच नवीन भाग बसवला तर नाही. बिले मात्र सांभाळून ठेवावीत. गाडीच्या बॉडीत, आसनांत, इंधनात किंवा किमतीत फरक पडेल असे काही केले, उदाहरणार्थ एसी, उंच जाळीची बॉडी किंवा थंडपेटी, तर ते आरटीओच्या नोंदीत आणि पॉलिसीत दोन्हीकडे यावे. डिझेल पिकअपला पेट्रोल गाडीसारखे सीएनजी किट चढवता येत नाही. इंजिनच बदलावे लागते आणि त्यासाठी मंजूर व्यवस्था व आरसीवरील नोंद आवश्यक असते, म्हणून पहिल्या सुधारणांच्या यादीत ते धरू नये. नोंद नसलेला बदल आणि अपघात यांचा संबंध जोडता आला, तर दावा नाकारण्याचे कारण कंपनीच्या हाती आयतेच पडते.

१९. वर्षभरात गाडी विकायची आहे. तरीही एवढे सगळे करावे का?

कागद (प्रश्न १), टायर आणि ब्रेक (प्रश्न ५ व ६) टाळता येत नाहीत, कारण विकली जाईपर्यंत ती आपल्याच घरचे माणूस चालवणार आहे. त्यापलीकडे फारसे काही करू नये. देवास नाक्याकडचा गिऱ्हाईक गाडीखाली वाकतो, ऑइलची दांडी काढतो, फिटनेस कधीपर्यंत आहे ते विचारतो आणि मग भाव सांगतो. म्युझिक सिस्टीम आणि अलॉयचे पैसे त्या भावात येत नाहीत. फिटनेस दोन-तीन महिन्यांत संपत असेल, तर तो नवा करून मग गाडी दाखवावी. कर्जाचा बोजा उतरवलेली आरसी आणि गेल्या दोन वर्षांची वर्कशॉपची बिले एका पाकिटात घालून त्याच्या हातात द्यावीत.